वकिलाच्या नावाची जागा

कोर्ट नाक्यावर झेरॉक्सवाल्याच्या ताडपत्रीला
माझी अर्धी ताडपत्री बांधलेली आहे.
एकतीस वर्षं तिच्याखाली बसून टाइप करतो.
मशीनचा 'ळ' अडकतो, नखाने सोडवावा लागतो,
म्हणून 'मिळकत' लिहिताना मी दरवेळी थांबतो.

मला कोणी वकील समजत नाही,
पण वकील कोणता करू, हे सगळे मलाच विचारतात.

आज बाळकुमच्या हौसाबाय भोईर आल्या.
साडीच्या दुकानाची पिशवी,
आत सातबारा, दोन फेरफार,
आणि एक हक्कसोडपत्र. त्यावर त्यांचाच अंगठा,
बापाच्या बाराव्याला भावाने घेतलेला,
पंगत उठायच्या आधी.
"मना वकील सांग. बरासा. लय मोठा नको."

म्हटलं, मावशी, बोर्डावर जाऊ नका,
बोर्ड ही रंगाऱ्याची कला.
'शंभर टक्के आपलंच' म्हणेल
त्याच्याकडचा चहा अर्धा ठेवून उठा.
फी आधी विचारा. बोंबील देताना भाव सांगायला लाजता का?
पावती मागा,
पावती म्हटल्यावर जो चष्मा पुसायला घेतो
तो तिथेच कळतो.
आणि त्याचा ज्युनियर बघा.
पोरगं जेवलंय, की तीन वाजता
बिस्किटाचा पुडा कोटात घालून जिने चढतंय?
तुमच्या तारखेला तेच येणार आहे, उपाशी,
तुमचं नाव फाईलवर वाचत.

आणखी एक. पिशवी ओतलीत की बघत राहा:
कोण घडी पडलेला कागद तळहाताने सरळ करतो,
कोण नुसता वरचा उचलतो.

समोर, तिसऱ्या मजल्यावर मेंडोन्सा बाई बसतात.
लिफ्ट बंद. बाईंवर माझा राग आहे.
एक दावा त्यांनी चार वेळा परत पाठवला,
'वादीस' की 'वादीने' एवढ्यावरून.
लेजर पेपर गेला, रिबन गेली,
मी त्यांच्या सात पिढ्या मनात उद्धरल्या.
पण पाचव्यांदा टाइप करताना कळलं
त्या दाव्यात नेमकं कोण रडतंय.

हौसाबाय ऐकत होत्या. मग म्हणाल्या,
"तुजी केस होती का रं कदी? कोनाला दिलती?"

मी रिबन सरळ करत बसलो.

होती. खारकर आळीतली खोली.
मेहुण्याच्या मित्राला दिली, फुकट करतो म्हणाला.
नऊ वर्षं त्याला नमस्कार केला.
फुकट लढणाऱ्याला प्रश्न कसा विचारायचा?
निकालाच्या दिवशी तो भिवंडीला होता.
कैफियत मीच टाइप केली होती,
भाडेपावतीची एक तारीख चुकलेली.
बोटांना कळलं होतं.
मी बोललो नाही.
आता कळव्याहून येतो.

यातलं काही त्यांना सांगितलं नाही.
वकालतनामा चढवला: नाव, वय, धंदा मासळी विक्री,
आणि वकिलाच्या नावाची जागा कोरी सोडली.
पिशवी काखेत मारून त्या जिन्याकडे गेल्या.
दहा रुपये टेकवून गेल्या होत्या,
ते मी पेपरवेटखाली ठेवले.
सल्ल्याचे मी घेत नाही. टायपिंगचे पानाला चाळीस.

तासाभराने उतरल्या, तोंड वाकडं.
"केस नको म्हनते. आदी भावाला नोटीस.
मी रडाया लागले तं म्हनते, पानी पी,
आनी बाराव्याची तारीक आठव.
मना कशी आठवल? वीस वर्सं झाली!"

बरी वाटली का?

"मना काय म्हाईत." पायरीवर बसून त्यांनी पाय चोळले.
"उद्या परत बोलवलंय. नणंदेला इचारून ये म्हनते,
तवा तिचा धाकटा कितव्या म्हयन्याचा व्हता."